पद्मिनीचं अ‍ॅक्सिलरेटर पेडल दगडासारखं जड झालंय, बाबांनी गाडी चालवणं सोडलंय. मदत हवी

पद्मिनी_पंधरा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण सगळं नीट सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

घरी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, १०८९ सीसी, हँडलला गिअर, सोलेक्स कार्बोरेटर. बाबांनी ती नवी घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. वणीला, शिर्डीला, मामाच्या लग्नाला, आईला दवाखान्यात न्यायला, सगळीकडे हीच गाडी. इंजिन एकदा बोअर केलंय. बाकी बॉडी, सीट, मीटर सगळं मूळचं आहे. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षापर्यंत रोज सकाळी तिला नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला एक फेरी मारून आणायचे.

पावसाळ्यापासून अ‍ॅक्सिलरेटर जड झालाय. पाय ठेवला की आधी काहीच होत नाही, भिंतीवर पाय दाबल्यासारखं वाटतं. जोर लावला की एकदम सुटतं आणि गाडी उसळी मारते. पुढे मात्र पेडल बऱ्यापैकी चालतं, त्रास फक्त सुरुवातीचा. सर्वात वाईट अनुभव कसारा घाट उतरताना आला. पाय बराच वेळ काढलेला होता. खाली सपाटीला लागल्यावर रेस द्यायला गेलो तर पेडल हलेचना, आणि हललं तेव्हा पुढच्या ट्रकच्या मागे जाऊन थांबलो.

गावातल्या एका गॅरेजला दाखवलं. त्यांनी सगळीकडे तेल मारलं, 'स्प्रिंग सैल झालीय' म्हणून नवी लावली आणि गाडी जास्त रेस धरत होती म्हणून स्लो (पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) कमी केला. दोन दिवस बरं वाटलं. त्यानंतर आधीपेक्षा जड.

बाबांच्या उजव्या गुडघ्याला त्रास आहे. परवा मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी उसळली, पुढे दुचाकीवर एक बाई लहान मुलाला घेऊन होती. काही झालं नाही. पण घरी आल्यावर बाबांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तूच बघ. त्यानंतर ते गाडीकडे गेलेले नाहीत. मला ती दुरुस्त करायची आहे, नुसती चालती नाही.

गंगापूररोडकर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

सगळ्यात आधी पायाखालची मॅट काढा. नव्या जाड रबरी मॅटची कड पेडलखाली अडकते, हे मी तीन गाड्यांत पाहिलंय. फुकटचा उपाय आहे.

बीटलस्वार | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

माझ्याकडे फोक्सवॅगन बीटल आहे. तिचं इंजिन मागे, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरची केबल पेडलपासून गाडीच्या मधल्या बोगद्यातून थेट मागे जाते, पंख्याच्या कवचातल्या नळीतून जाते आणि कार्बोरेटरला लागते. अडीच मीटरहून लांब केबल. माझंही पेडल असंच जड झालं होतं. मी गंज सोडवणारा स्प्रे दोन्ही टोकांनी मारत राहिलो. तो स्प्रे उडून जातो, आधीचं होतं नव्हतं ते ग्रीस घेऊन जातो आणि केबल पहिल्यापेक्षा कोरडी होते. शेवटी केबल बाहेर ओढली तेव्हा दिसलं, मधे एक तार तुटून बाहेर आली होती आणि नळीच्या तोंडाला ओरखडे काढत होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

तुमच्या पद्मिनीला केबल आहे की दांड्या?

पद्मिनी_पंधरा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३२

दांड्या. पेडलपासून पत्र्यातून पलीकडे, तिथे एक आडवा शाफ्ट, त्याला लिव्हर आणि तिथून कार्बोरेटरला दांडी. केबल फक्त चोकची.

@गंगापूररोडकर, मॅट उद्या काढतो.

सातपूरचा_फिटर | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

३१ वर्षं सातपूरला टूलरूममध्ये होतो, आता निवृत्त. गाड्यांचं काम सुट्टीच्या दिवशी करायचो, अजूनही करतो. तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं, कारण लक्षण नेमकं सांगितलंय. 'जड आहे' असं सगळेच म्हणतात. 'सुरुवातीला अडतं आणि मग सुटतं' हे तुम्ही लिहिलंत, त्यात अर्धं उत्तर आहे.

जड पेडलचे दोन प्रकार असतात. एक, वरपासून खालपर्यंत सारखं जड. तिथे स्प्रिंग चुकीची असते, किंवा बिजागरी गंजलेली, किंवा सांधे कोरडे. दुसरा प्रकार तुमचा. बंद अवस्थेत काहीतरी चिकटून बसतं आणि जोर लावला की सुटतं. हे बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या बटरफ्लायचं, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या चकतीचं, काम असतं. पण मी इथून शपथ घेणार नाही. गाडीलाच विचारू.

आधी तेल, स्प्रे, ग्रीस काहीही मारू नका. तेल मारलं की दोन दिवस लक्षण दबतं आणि मग कुठे अडत होतं ते कळत नाही. तुमच्या गॅरेजवाल्यांनी तेच केलं.

इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा. पायाने नाही, हाताने. खाली वाकून तळव्याने दाबा. पायाला दोन किलो आणि चार किलोतला फरक कळत नाही, हाताला कळतो. दहा वेळा दाबा, सोडा. मग इंजिन चालू करा, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. हळूहळू पुन्हा तेच करा. बंद इंजिनावर हलकं आणि चालू इंजिनावर जड असेल तर लक्ष कार्बोरेटरकडे द्या. इंजिन चालू असताना आणि पाय काढलेला असताना बटरफ्लायच्या खाली मोठी पोकळी तयार होते, ती ओढ स्पिंडलला (बटरफ्लाय ज्यावर फिरते त्या दांडीला) एका बाजूला दाबून धरते. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, पाय काढलेला असतो, इंजिन जोरात फिरत असतं. तेव्हा ही ओढ सर्वात जास्त. म्हणून तुमचं पेडल नेमकं घाटाखाली अडलं.

मग इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. कार्बोरेटरच्या लिव्हरवरून दांडी काढा, बॉलचा सांधा असेल. रिटर्न स्प्रिंग पण काढा. आता गाडीचे दोन भाग झाले. पेडलपासून दांडीच्या टोकापर्यंत एक, कार्बोरेटर दुसरा. दोन्ही वेगवेगळे हाताने हलवून बघा आणि कुठला भाग अडतो ते इथे लिहा. दांडी आणि स्प्रिंग काढलेली असताना चुकूनही इंजिन चालू करू नका. बटरफ्लाय उघडी राहिली तर इंजिन हाताबाहेर जातं.

मारुतीवाली | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

काका, तुमचं शेवटचं वाक्य प्रत्येकाने पाठ करावं असं आहे.

माझी १९९६ ची मारुती ८००. केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून निसटून गरम पाइपला टेकलं, आतून वितळलं. आधी महिनाभर पेडल जड लागत होतं, मी दुर्लक्ष केलं. रोज ऑफिसला जायचं, कोण गॅरेजला थांबणार. मग एक दिवस इगतपुरीच्या पुढे पेडल दाबलेलंच राहिलं. पाय काढला तरी इंजिन ओरडतंय. शेजारी आई होती. मी आधी ब्रेकवरच उभी राहिले. गाडी थांबेना. मग क्लच दाबला, न्यूट्रल केलं, कडेला आणली, तेव्हा चावी फिरवली.

म्हणून @पद्मिनी_पंधरा, पेडल जड होणं आणि पेडल परत न येणं ही एकाच आजाराची दोन टोकं आहेत. ज्या गोष्टीमुळे आज उघडायला अडतंय, तीच उद्या बंद व्हायला अडेल. दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, प्लीज.

सातपूरचा_फिटर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

ताई बरोबर बोलल्या. क्रम लक्षात ठेवा सगळ्यांनी: क्लच, न्यूट्रल, ब्रेक, कडेला आल्यावर इग्निशन बंद. चालत्या गाडीत चावी पार लॉकपर्यंत फिरवायची नाही, हँडल अडकतं. इंजिन दोन मिनिटं ओरडलं तरी चालेल, इंजिन परत बांधता येतं.

नवा_जुना | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१०

एवढं कशाला? दांड्या काढून टाका, आतल्या बाजूने केबल टाका. माझ्या चुलत भावाने त्याच्या अँबॅसिडरला केलंय, लोण्यासारखी चालते. कार्बोरेटर पण नवा मिळतो बाजारात, जुना भंगारात द्या.

सातपूरचा_फिटर | १३ ऑक्टोबर, दुपारी २:३०

@नवा_जुना, अडत असेल बटरफ्लाय आणि बदलली दांडी, तर उपयोग काय? नवी केबल त्याच अडलेल्या बटरफ्लायला ओढणार. आणि नवा म्हणून मिळणारा प्रत्येक कार्बोरेटर बरा असतो असं नाही. जुन्या सोलेक्सचं ओतकाम चांगलं आहे, झिजते ती भोकं आणि स्पिंडल, आणि ते लेथवर दुरुस्त होतं. ३८ वर्षं चाललेली वस्तू तीनशे रुपयांच्या बुशसाठी (भोकात बसवायच्या छोट्या नळीसाठी) भंगारात द्यायची नसते. आधी निदान होऊ द्या.

काळीपिवळी_घर | १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

माझ्या वडिलांनी मुंबईत २२ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, आता नाशिकरोडला असतात. त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं तसंच लिहितो.

ते म्हणाले, टॅक्सीवाल्याचं सगळं आयुष्य त्या पेडलवर. दादरपासून चर्चगेटपर्यंत पाय शंभर वेळा वर-खाली. पेडल जड असेल तर संध्याकाळी पोटरी दगड होते. म्हणून ते दर दोन महिन्यांनी दांडीचे बॉल-सांधे उघडून रॉकेलने धुवायचे, कोरडे करून बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावायचे. जास्त ग्रीस लावलं की मुंबईची धूळ चिकटून त्याचं पॉलिश-पेपर होतं, असं ते म्हणाले. आणि रिटर्न स्प्रिंगच्या जोडीला दुसरी एक हलकी स्प्रिंग नेहमी लावलेली. एक तुटली तर दुसरी बटरफ्लाय बंद करेल. एकच जाड स्प्रिंग लावणारा मिस्त्री त्यांना कधी पटला नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बातम्या बघताना वडील जेवले नव्हते. तुमच्या बाबांना सांगा, गाडी सोडू नका.

पद्मिनी_पंधरा | १५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

कालची सुट्टी टाकून काम केलं. @काळीपिवळी_घर, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये येऊन बसले.

मॅट काढली. मॅट अडकत नव्हती. पण मॅटखाली जुनं नमद्याचं अस्तर आहे, ते उचललं आणि खाली वाळलेला गाळ सापडला, बारीक, राखाडी. बाबा खुर्चीतून म्हणाले, हा गोदावरीचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा गाडी दोन दिवस सराफ बाजारामागे मामांच्या वाड्याबाहेर उभी होती. पाणी पायरीपर्यंत आलं होतं. आम्ही तेव्हा सीट वाळवल्या, ब्रेक उघडले, तेल बदललं. पेडलच्या बिजागरीकडे कुणी पाहिलंच नाही. ती गंजाने फुगलेली आहे. सहा वर्षं ती तशीच चालत होती.

आता काकांच्या चाचण्या:

इंजिन बंद, हाताने: पूर्ण प्रवासात थोडं खरखरीत, सुरुवातीला हलका अडथळा.
इंजिन चालू: सुरुवातीला जबरदस्त अडथळा, मग 'टक' असा आवाज येऊन सुटतं. फरक हाताला लगेच कळला. तुम्ही म्हणालात तसंच, काका.
दांडी काढल्यावर पेडलचा भाग: अडत नाही, पण खरखर करतो आणि स्प्रिंगशिवाय आपोआप परत येत नाही.
कार्बोरेटरचा भाग: बंद अवस्थेत घट्ट बसलेला. लिव्हर बोटाने उघडायला गेलो तर नख दुखलं. एकदा सुटला की मोकळा.

आणि एक गोष्ट, दांडी परत लावताना बॉलवर बसेना. जवळपास एक सेंटिमीटर कमी पडत होती, ताणून बसवावी लागली. आधीही अशीच ताणून बसवलेली असणार.

सातपूरचा_फिटर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

शाब्बास. आता चित्र स्पष्ट झालं. मला काय वाटतं ते सांगतो, तुम्ही पडताळा.

बटरफ्लाय म्हणजे पितळेची गोल चकती. कार्बोरेटरच्या गळ्यात ती स्पिंडलवर फिरते. पूर्ण बंद झाली की तिची कड गळ्याच्या भिंतीला टेकते. तिने भिंतीत पाचर मारून बसू नये म्हणून बाहेर लिव्हरला स्टॉप स्क्रू असतो, आपण ज्याला स्लोचा स्क्रू म्हणतो. तो चकतीला केसभर उघडी ठेवतो. स्क्रू पार मागे घेतला की चकती गळ्यात रुतते. बाटलीचं बूच दाबून बसवल्यासारखं.

आता प्रश्न, स्क्रू मागे का घेतला? तुमच्या गाडीचा स्लो वाढला होता म्हणून. स्लो का वाढला? बहुतेक स्पिंडल आणि त्याची भोकं झिजली आहेत, तिथून जादा हवा आत जाते. हवा जास्त आली की इंजिन रेस धरतं आणि अडखळतंही. गॅरेजवाल्याने मूळ कारण न बघता स्क्रू मागे घेतला. चकती रुतली. पेडल आधीपेक्षा जास्त अडलं. मग चकती नीट बंद होत नाहीये असं वाटून जाड स्प्रिंग लावली. त्या स्प्रिंगने चकती आणखी खोल रुतवली. एक चूक झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी.

पडताळणी सोपी. स्टॉप स्क्रू बघा, लिव्हरला टेकतोय का? टेकत नसेल तर माझं म्हणणं खरं. मग बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू करा, स्पिंडल जिथे कार्बोरेटरच्या अंगातून बाहेर येतो तिथे लहान ब्रशने इंजिन ऑइलचा एक थेंब लावा. तेलाने फट क्षणभर बुजते. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे गरम मॅनिफोल्डवर मारून ही चाचणी करणारे लोक आहेत. तसं करू नका, आग लागते.

आणि दांडी एक सेंटिमीटर कमी पडतेय ते महत्त्वाचं आहे. दांडी कधी आखूड होत नाही. इंजिन खाली बसलंय. फाउंडेशनचे रबर, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ते, बघा. आडवा शाफ्ट बॉडीवर आहे आणि कार्बोरेटर इंजिनावर. रबर दबले की इंजिन खाली जातं, कोन बिघडतो, दांडी तिरकी ओढते आणि स्पिंडलला एकाच बाजूने झिजवते. तुमचा स्पिंडल कसा झिजला याचं उत्तर तिथे असू शकतं.

एथेनॉल_नको | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

ई२० म्हणजे वीस टक्के एथेनॉलच्या पेट्रोलबद्दल कुणी बोलत नाही. एथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या गाड्यांचं रबर फुगतं, कार्बोरेटरमध्ये हिरवट थर बसतो. सगळ्याचं मूळ तेच.

सातपूरचा_फिटर | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

एथेनॉलने जुन्या रबराचं आणि डायफ्रामचं नुकसान होतं, ते मान्य. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि कार्बोरेटर कोरडा करून ठेवा. पण हा पेशंट एथेनॉलचा नाही. स्टॉप स्क्रू पेट्रोलने मागे जात नाही.

पद्मिनी_पंधरा | १६ ऑक्टोबर, रात्री ९:००

स्टॉप स्क्रू लिव्हरला टेकत नाही. तीन-चार आटे हवेत आहे.

तेलाचा थेंब लावला, इंजिनाचा आवाज लगेच खाली आला आणि सुधारला. स्पिंडल बोटांनी वर-खाली हलवला तर स्पष्ट हलतो.

फाउंडेशन: उजव्या बाजूचं रबर चपटं होऊन चिरलंय. खालून जॅकने इंजिन जरा उचललं (लाकडी फळी मधे ठेवून) तर दांडी न ताणता बॉलवर बसली.

काका, तुम्ही गाडी न बघता हे सगळं सांगितलंत. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, या माणसाला एकदा भेटायचंय.

मारुतीवाली | १६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

अंगावर काटा आला वाचताना. वाचनखूण साठवली.

सातपूरचा_फिटर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आता काम. घाई नको.

कार्बोरेटर काढण्याआधी फोटो काढा, प्रत्येक दांडी, नळी, वॉशर. चकती काढण्याआधी तिच्यावर आणि गळ्यावर टोकदार खिळ्याने बारीक खूण करा, वरची बाजू कोणती आणि कुठली कड कुठे. चकतीच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात, उलटी बसली तर पुन्हा रुतेल.

चकतीचे दोन छोटे स्क्रू मागच्या टोकाला ठोकून पसरवलेले असतात, गळून इंजिनात जाऊ नयेत म्हणून. ते तसेच फिरवायला गेलात तर स्पिंडलमधले आटे जातील. आधी बारीक कानशीने ती पसरलेली टोकं घासून सपाट करा, मगच पेचकस लावा. बसवताना नवेच स्क्रू वापरा.

सातपूर एमआयडीसीत लेथवाले भरपूर आहेत. कार्बोरेटरचं अंग दोन्ही बाजूंनी एकाच सेटिंगमध्ये रीम करायला (भोकं मापात मोठी करायला) सांगा, नाहीतर दोन भोकं एका रेषेत येणार नाहीत आणि नवा स्पिंडल अडेल. पितळेचे किंवा गनमेटलचे बुश दाबून बसवायचे. स्पिंडल नवा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर स्टीलच्या दांडीपासून करून घ्या. चकतीसाठी खाच आणि आटे जुन्याच्या मापाने. हा लेथवाल्याच्या हाताचा प्रश्न आहे, स्वस्तातला शोधू नका.

बसवताना चकतीचे स्क्रू सैल ठेवा, लिव्हर दोन-तीन वेळा सोडून चकतीला स्वतःची जागा घेऊ द्या. मग कार्बोरेटर उजेडाकडे धरा. चकतीभोवती प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग स्क्रू कसा, खालून आधार देऊन टोकं ठोका.

स्टॉप स्क्रू: चकती पूर्ण बंद करा, स्क्रू लिव्हरला टेकेपर्यंत आणा, तिथून अर्धा-पाऊण आटा आत. बाकी स्लो इंजिन गरम झाल्यावर, मिक्श्चरच्या स्क्रूसोबत, कानाने.

पद्मिनी_पंधरा | २९ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मधे दिवाळी होती, म्हणून उशीर. धागा वर काढतोय.

गळा उघडला तर चकती बसते तिथे भिंतीवर काळी रिंग होती, डिंकासारखी. त्याखाली पितळेचं ओरखडलेलं वर्तुळ. म्हणजे चकती खरंच रुतत होती. रिंग मऊ ब्रश आणि क्लीनरने काढली, पॉलिश पेपर लावला नाही.

लेथचं काम सातपूरला एका आजोबांनी केलं. त्यांनी आधी जुना स्पिंडल उलटसुलट करून पाहिला, मग म्हणाले, एका बाजूने खाल्लाय, इंजिन बसलं होतं का? काका, तुमच्यासारखेच. बुश आणि स्पिंडल मिळून ९०० रुपये घेतले, दोन दिवस लावले. फाउंडेशनचे रबर नाशिकला मिळाले नाहीत, मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मावसभावाने आणले. त्याच कुर्ल्यात ही गाडी बनली होती.

पेडलची बिजागरी काढली. पिन रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली, तरी ठोकून काढावी लागली. नवी पिन, नवा बुश. खालचा पत्रा खरवडून रेड ऑक्साइड मारला. गाळ मी फेकला नाही, बाबा म्हणाले गंगेचा आहे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), झाडाला घाल. तुळशीत घातला.

जाड स्प्रिंग काढून टाकली. मूळच्या मापाची एक आणि जोडीला एक हलकी लावली, @काळीपिवळी_घर यांच्या वडिलांच्या सल्ल्याने. प्रत्येक बॉल-सांध्याला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस.

मग इंजिन चालू केलं. हाताने पेडल दाबलं. काका, मी तुम्हाला कसं सांगू? पहिल्या मिलिमीटरपासून इंजिन उत्तर देतं. जेवढं दाबलं तेवढंच, सोडलं की लगेच खाली. ही गाडी अशी चालते हे मी विसरलो होतो. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून बघायचो तेव्हा त्यांचा पाय हललेला दिसायचाही नाही आणि गाडी जायची.

काळीपिवळी_घर | २९ ऑक्टोबर, रात्री ११:४०

वडील झोपलेत, सकाळी सांगतो. आज २९ ऑक्टोबर आहे, त्यांना हे वाचून फार बरं वाटेल.

गंगापूररोडकर | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:००

अभिनंदन. मॅट नव्हती तरी मॅटखालीच काहीतरी निघालं.

नवा_जुना | ३० ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मी केबलचं म्हणालो होतो, मागे घेतो. चुलत भावाच्या अँबॅसिडरचा स्टॉप स्क्रू आज जाऊन बघितला. हवेत आहे. फाउंडेशन पण बघतोय.

पद्मिनी_पंधरा | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आज पहाटे साडेपाचला उठलो तर बाबा बूट घालून तयार. चावी मागितली नाही, नुसता हात पुढे केला.

मी शेजारी बसलो. गंगापूर रोडने निघालो, थंडी पडायला लागलीय, रस्ता मोकळा होता. सुरुवातीला ते पेडलवर पाय ठेवून थांबले, अडेल म्हणून. अडलं नाही. सोमेश्वरच्या पुढे तिसऱ्या गिअरमधून चौथा टाकला आणि काचा खाली केल्या. धरणापर्यंत गेलो, चहा घेतला, परत आलो. येताना सायकलवाली दोन मुलं मधे आली, बाबांनी पाय काढला आणि गाडी लगेच मंद झाली. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बोलले काही नाहीत.

घरी आल्यावर बॉनेट उघडून दोन्ही स्प्रिंग स्वतः हाताने तपासल्या. मग मला म्हणाले, त्या सातपूरच्या काकांना विचार, पुन्हा कधी बघायचं.

सातपूरचा_फिटर | २ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

बाबांना नमस्कार सांगा. ५०० किलोमीटर झाले की स्टॉप स्क्रू आणि फाउंडेशनचे नट एकदा बघा, नवं रबर थोडं बसतं, मग दांडी पुन्हा जुळवावी लागेल. चकतीचे स्क्रू १००० ला, एअर क्लीनर काढून, टॉर्चने. पहिला पाऊस झाला की पेडलची बिजागरी. येत्या रविवारी मी घरी आहे, गाडी घेऊन या. बाबांनाच चालवू द्या.